निवेदनाच्या ध्वनिमुद्रणासाठी शांत डेस्कटॉप असेंबल करायचा आहे; कोणते भाग घ्यावेत?

नादरेषा

नमस्कार. मी श्राव्यपुस्तकांसाठी निवेदन ध्वनिमुद्रित करते आणि त्याच खोलीत, त्याच टेबलावर संपादनही करते. सध्याचा संगणक इंटेल कोअर आय७-७७०० वर चालतो. विंडोज ११ साठी मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत तो नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे सुटे भाग घेऊन नवा डेस्कटॉप असेंबल करायचे ठरवले आहे.

शांतता ही माझी पहिली गरज आहे, कारण मायक्रोफोन संगणकापासून हाताच्या अंतरावर असतो आणि पंख्याची घरघर निवेदनातल्या प्रत्येक विरामात ऐकू येते. मुख्य काम २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवरील मोनो ध्वनिमुद्रणाचे आहे. अधूनमधून एखादा व्हिडिओही संपादित करावा लागतो. माझा कॅमेरा १० बिट ४:२:२ एच.२६५ प्रकारात (रंगांचे जास्त तपशील राखून दाबून साठवलेला व्हिडिओ) चित्रण करतो आणि ते सध्याच्या संगणकावर अडखळत चालते. गेम मी खेळत नाही.

बजेट मध्यम आहे. साधारण निम्मी रक्कम प्रोसेसर आणि मदरबोर्डसाठी आणि उरलेली कॅबिनेट, कूलर, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) व एसएसडी यांसाठी ठेवली आहे. ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी तरतूद केलेली नाही. जुन्या संगणकातल्या १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम स्टिक उत्तम चालतात, त्या वापरता आल्या तर हव्या आहेत. मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस माझ्याकडे आहेत.

धूमकेतू

व्हिडिओ संपादन म्हटले की ग्राफिक्स कार्ड आलेच, त्याला पर्याय नाही. मी रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम आणि ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर असा संगणक असेंबल केला आहे. सोळा कोअर आहेत, कितीही ट्रॅक उघडा आणि कितीही इफेक्ट लावा, तो एकदाही थांबलेला नाही. बजेट थोडे वाढवून एकदाच चांगला संगणक घ्यावा, म्हणजे पुढची काही वर्षे पुन्हा हात घालावा लागणार नाही. लिक्विड कूलर असल्यामुळे आवाजाचाही प्रश्न उरत नाही.

सावकाश

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. लिक्विड कूलरमध्ये रेडिएटरचे पंखे असतातच, शिवाय पंपही असतो, आणि संगणक रिकामा बसलेला असला तरी पंप चालूच राहतो. पंपाचा आवाज बारीक आणि एकसुरी असतो. खोलीत तो कानाला जाणवत नाही, पण हाताच्या अंतरावरचा कंडेन्सर मायक्रोफोन तो टिपतो. मीही घरी ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

शांत संगणकाची सुरुवात कमी उष्णतेपासून होते. उष्णता कमी असेल तर पंखे सावकाश फिरतात, आणि पंखा जितका मोठा तितकी तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत ढकलतो. म्हणून ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर घ्यावा आणि त्यावर दोन मनोऱ्यांचा मोठा एअर कूलर बसवावा, जो खरे तर दुप्पट उष्णतेसाठी बनवलेला असतो. तसे केले की ध्वनिमुद्रणाच्या वेळी १४० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला पाचशे-सहाशे फेऱ्यांवर ठेवता येतात. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग, स्वतः आखून घ्यावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करावी. एकसारखी मंद घरघर संपादनात काढता येते, पण वेग सतत वरखाली होत असेल तर ती नीट निघत नाही.

हार्ड डिस्क त्या खोलीत ठेवूच नये. तिचे कंपन कॅबिनेटच्या पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून मायक्रोफोनच्या स्टँडमध्ये उतरते. एसएसडीबद्दल काळजी नसावी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला १४४ किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट होतात. एवढ्या कामासाठी साटा (केबलने जोडायची) एसएसडीसुद्धा गरजेच्या कितीतरी पट वेगवान आहे. एनव्हीएमई (थेट मदरबोर्डावर बसणारी) एसएसडी घ्यायची ती तारांची कटकट वाचावी म्हणून, ध्वनिमुद्रणाच्या वेगासाठी नव्हे.

अष्टकोन

६५ वॅटबद्दल सावकाश यांच्याशी सहमत. मात्र मदरबोर्ड एएमडीच्या एएम५ सॉकेटचाच (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा) घ्यावा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. हा सॉकेट २०२२ साली आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवू, असे एएमडीने जाहीर केले आहे. आधीच्या एएम४ चा अनुभव पाहा: पहिल्या पिढीच्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अपडेट केल्यानंतर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला. मी स्वतः तसे केले आहे आणि त्या मदरबोर्डाइतका समाधानाचा खर्च मी दुसरा केलेला नाही.

रायझन ७ ७७०० मध्ये आठ कोअर आहेत आणि सोबत कूलर मिळतो. ६५ वॅटचा हा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेतो, पण मोठ्या एअर कूलरला ते काहीच नाही. जुनी रॅम विसरून जावी, एएम५ वर रॅमची पुढची पिढी डीडीआर५ च चालते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीपासून दूर राहावे. त्यांतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीचे) अपडेट काढले आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

कळफलक

डीडीआर५ घेणार असाल तर दोनच स्टिक घ्या. मला विक्रेत्याने चार स्टिकचा सल्ला दिला, चारही बसवल्या आणि रॅम खोक्यावरच्या वेगाने चालेना. परत घ्यायला त्याने नकार दिला. नंतर कळले की रायझन ७००० वर दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. विक्रेत्याला हे माहीत असायला हवे होते, याचा मला अजूनही राग येतो.

दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायचे. पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. त्या वेळात मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो.

धूमकेतू

माझ्या चारही स्टिक व्यवस्थित चालतात, त्यामुळे तो दोष सर्वांना लागू करू नये. एसएमपीएस मात्र ८५० वॅटपेक्षा कमी घेऊ नका. मी १००० वॅटचा घेतला आहे.

उत्तररात्र

एसएमपीएसचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्याने माझा संगणक असेंबल करून दिला, त्याने नव्या मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसला दुसऱ्याच ब्रँडच्या उरलेल्या केबल जोडल्या. डिस्ककडचे टोक प्रमाणित असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठरवतो. दोन्ही डिस्क पहिल्या सुरुवातीलाच जळाल्या आणि त्यांतले कौटुंबिक छायाचित्रांचे संग्रह गेले ते गेलेच. एसएमपीएससोबत आलेल्या केबलांखेरीज दुसरी कोणतीही केबल लावू देऊ नका, समोरचा कितीही अनुभवी असला तरी.

८० प्लस गोल्ड हे प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमतेचे आहे, हेही लक्षात घ्यावे. आतल्या भागांचा दर्जा किंवा पंख्याचा आवाज त्यावरून कळत नाही.

सावकाश

वॅटच्या मुद्द्याला उत्तर देतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला असा संगणक पूर्ण भारावरही २०० वॅटच्या आत राहतो. त्याला १००० वॅटचा एसएमपीएस लावण्यात काहीच हशील नाही. ५५० वॅट पुष्कळ झाले. मात्र ठरावीक भारापर्यंत ज्याचा पंखा फिरतच नाही, अशा प्रकारचा तो असावा. ध्वनिमुद्रण करताना भार इतका कमी असतो की हा पंखा बंदच राहतो.

रानपाखरू

एवढा विचार करण्याऐवजी संगणक शेजारच्या खोलीत ठेवावा. मी तसेच केले आहे. भिंतीला भोक पाडून मॉनिटरची केबल आणि यूएसबी केबल अलीकडे आणली. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर असते, त्यापुढे ॲक्टिव्ह केबल लागते. आता संगणकाचा कितीही आवाज होऊ दे, मायक्रोफोनपर्यंत तो येत नाही.

नादरेषा

सर्वांचे आभार. खोली भाड्याची असल्यामुळे भिंतीला भोक पाडता येणार नाही. धूमकेतू, ग्राफिक्स कार्डासाठी तरतूद नाही हे मी सुरुवातीला लिहिले होते. माझ्या कॅमेऱ्याच्या चित्रणाबद्दल कोणी सांगू शकेल का?

तिठा

तो प्रश्नच या निवडीत निर्णायक आहे आणि अजून त्याला कोणी हात लावलेला नाही. १० बिट ४:२:२ एच.२६५ उलगडण्याची सोय हार्डवेअरमध्ये असेल तर चित्रण सुरळीत चालते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो, पंखे वाढतात आणि तरीही चित्र अडखळते. रायझन ७००० मधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ४:२:२ ची सोय नाही. एनव्हीडियाच्या ३० आणि ४० मालिकांमध्येही नाही. त्यांच्याकडे ती २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. म्हणजे धूमकेतू यांचे महागडे आरटीएक्स ४०८० नेमक्या या कामाला उपयोगी पडत नाही. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ही सोय डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून आहे. नावात ‘एफ’ असलेले इंटेलचे प्रोसेसर मात्र घेऊ नयेत, त्यांत ग्राफिक्स चालत नाही.

माझा सल्ला कोअर अल्ट्रा ५ २४५के चा आहे. २०२४ चा नवा प्रोसेसर आहे आणि बायोसमध्ये विजेची मर्यादा कमी करून तो शांत ठेवता येतो. डीडीआर५ घ्यावी लागेल, पण एकदा नवा संगणक करायचा तर नवाच करावा.

अष्टकोन

४:२:२ साठी प्रॉक्सी फाइल करता येतात. हलक्या प्रतीवर संपादन करावे आणि शेवटी मूळ चित्रणावरून व्हिडिओ काढावा. तेवढ्यासाठी एएम५ सोडणे मला पटत नाही. २४५के चा सॉकेट पुढे किती पिढ्या चालेल, याचाही विचार व्हावा.

धूमकेतू

मग ५० मालिकेतले कार्ड घ्यावे. प्रश्न मिटतो.

सावकाश

कार्ड घेतले की त्याचे पंखे आले, भाराखाली काही कार्डांच्या कॉइलची बारीक शिट्टी आली, आणि ध्वनीसाठी आणखी एक मुद्दा आहे. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ नमुन्यांचा बफर (ध्वनी क्षणभर साठवण्याची जागा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की ध्वनीत टिचकी येते, आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर हे त्याचे परिचित कारण आहे. तरीही व्हिडिओचे काम वाढणार असेल तर मीसुद्धा पंखे थांबवता येणारे एखादे छोटे कार्ड सुचवेन.

नादरेषा

तिठा यांनी दिलेल्या माहितीमुळे गुंता सुटला, मनापासून आभार. मात्र माझा निर्णय त्यांच्या आणि इतर सर्वांच्या सल्ल्यापेक्षा वेगळा आहे. मी इंटेलचा बाराव्या पिढीतला आय५-१२५०० घेत आहे, डीडीआर४ मदरबोर्डसह आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय.

त्यात सहा कोअर आहेत आणि सहाही एकाच प्रकारचे आहेत; इंटेलच्या बऱ्याच नव्या प्रोसेसरांत वेगवान आणि कमी विजेचे असे दोन प्रकारचे कोअर असतात. ध्वनीचे काम कोणत्या कोअरवर जाईल, हा प्रश्नच तिथे उरत नाही. यूएचडी ७७० ग्राफिक्स असल्यामुळे ४:२:२ ची सोय आहे. आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० मध्ये व्हिडिओ उलगडणारा एकच विभाग असतो, यात दोन आहेत. मूळ वीजवापर ६५ वॅट आणि कमाल ११७ वॅट आहे, आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा व्होल्टेजचा दोष या पिढीत नाही. माझ्या दोन्ही स्टिक त्याला चालतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले असताना चांगली रॅम बाजूला ठेवणे मला पटत नाही. सॉकेटला पुढे वाट नाही हे मान्य आहे. मी आजचा प्रोसेसरही इतकी वर्षे न बदलता वापरला आहे, त्यामुळे मधेच तो बदलण्याच्या सोयीसाठी आज जास्त खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. वाचलेली रक्कम दोन मनोऱ्यांच्या एअर कूलरवर, पंखा थांबवणाऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर आणि जाड पत्र्याच्या कॅबिनेटवर घालते आहे.

अष्टकोन

निर्णय तुमचा आहे, परंतु संपलेल्या सॉकेटवर नवा खर्च करू नये हे माझे मत कायम आहे.

धूमकेतू

सहा कोअर कमी पडतील.

उत्तररात्र

मदरबोर्ड मागवताना नाव शेवटपर्यंत वाचावे. एकाच मॉडेलचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार असतात, फोटोत सारखेच दिसतात आणि विक्रेते बेधडक दुसरा पाठवतात. स्टिकची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे चुकीची स्टिक बसत नाही; तिथे जोर लावू नये.

सावकाश

कूलर जुना घेणार असाल तर एलजीए१७०० ची (आय५-१२५०० च्या सॉकेटची) पट्टी सोबत आहे का, ते विचारा. आधीच्या इंटेल सॉकेटमध्ये छिद्रांचे अंतर ७५ मिलिमीटर होते, यात ७८ आहे. कूलरची उंचीही कॅबिनेटच्या तपशिलाशी ताडून पाहा. दोन मनोऱ्यांचे बरेच कूलर १६० मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजूची झडप मग लागत नाही.

नादरेषा

कॅबिनेटमध्ये १७० मिलिमीटरपर्यंत जागा आहे आणि कूलर १५८ चा आहे. एलजीए१७०० ची पट्टी कूलरच्या खोक्यातच येते, असे विक्रेत्याकडून लेखी घेतले आहे. मदरबोर्डाच्या नावापुढचा डीडीआर४ हा उल्लेख आता पुन्हा तपासते आणि मगच ऑर्डर देते.