बार्शी लाइटच्या इंजिनाचं मॉडेल बनवतोय, घरी लेथ कुठला घेऊ? नवा मिनी की जुना साडेचार फुटी?

नॅरोगेज_सोलापूर

नमस्कार मंडळी. बार्शी लाइट रेल्वेचं ए क्लास, म्हणजे ते किटसन कंपनीचं ०-८-४ (पुढं छोटी चाकं नाहीत, मधे आठ, मागे चार) टँक इंजिन, ४५ मिमी ट्रॅकवर करायला घेतलंय. मूळ गेज ७६२ मिमी म्हणजे स्केल साधारण १:१७ पडतं. आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला फिटर होते, लहानपणी त्याच छोट्या गाडीने पंढरपूरला जायचो, त्यामुळे दुसरं कुठलं इंजिन करायचं मनातच येत नाही. वाफेवरचं नाही, आत बॅटरी आणि गिअर मोटर. पितळी पत्र्याची बॉडी जमतेय, सोल्डरिंगला हात बसलाय, फ्रेमच्या पट्ट्या पण हॅक सॉ आणि कानशीने काढून झाल्या, पण चाकांपाशी काम अडलंय. आठ कपल्ड, म्हणजे रॉडने एकमेकांना जोडलेली, चाकं आणि मागच्या बोगीची चार. बाहेर विचारलं तर एवढ्या बारीक कामाला कोण हात लावत नाही, एकाने करून दिली ती रुळावर डुलतात.

म्हणून आता स्वतःचा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र, घ्यायचाच. दोन पर्याय आहेत. एक, नवा मिनी लेथ, ७ बाय १४ इंची, ४० किलोच्या आसपास वजन, घरच्या सॉकेटवर चालतो. दुसरा, आमच्या ओळखीत एकांचं पॉवरलूमच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं ते बंद केलंय, त्यांचा साडेचार फुटी लेथ द्यायचाय, थ्री फेज, १ एचपी मोटर. जागा तळमजल्याला आहे, ८ बाय १० ची खोली, फरशी जमिनीवरच. बजेट सगळं धरून एक लाखाच्या आत. लेथसोबत काय काय लागेल आणि आधी काय घ्यावं हे सांगा.

टर्नरकाका

दादा, तळमजला आहे ना, मग जुनाच बघ. पण तपासून घे, नुसता रंग बघून नको.

लूमच्या पिना आणि बुश काढणाऱ्या लेथचा बेड (टूल ज्यावर सरकतं तो पाट) चकाजवळच्या (चक म्हणजे जॉब धरून फिरणारा पंजा) फूटभर जागेत खाल्लेला असतो कारण आयुष्यभर सगळं काम तिथंच झालेलं असतं. कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) चकाजवळ आण, त्याचा लॉक एवढाच आवळ की हँडव्हील जरा जड फिरेल, आणि मग टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, ने. पुढं जाता जाता जाम व्हायला लागला की समज इकडं झीज आहे. पण मी तर म्हणतो तुला त्याची फार काळजी नको. तुझं चाक आठ मिमी जाडीचं, तेवढ्याशा प्रवासात बेडची झीज जॉबवर उतरत नाही. तुझं नशीब स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर आहे. चकात जाड बार धर, चकाला लागून बारवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) टेकव आणि लाकडी दांडा खाली घालून बार वर उचल. काटा जरासा हलून परत जागेवर आला तर चांगलं. हाताला खडखड लागली तर बेअरिंग आवळून बघायला सांग, आवळूनही गेली नाही तर सोडून दे तो लेथ, कितीही स्वस्त असला तरी.

मिनीची अडचण वेगळी आहे. ४५ मिमीचं बिडाचं चाक एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने कापायचं तर मिनिटाला वीस मीटरच्या आसपास स्पीड धरायचा, म्हणजे चक १४० आरपीएमला फिरला पाहिजे. मिनी लेथचा स्पीड इलेक्ट्रॉनिक कंट्रोलने कमी करतात, तेवढा खाली आणला की ताकद जाते, कट जरा वाढवला की मोटर बसते. जुन्याला बेल्टच्या पायऱ्या आणि बॅक गिअर (स्पीड कमी करून ताकद वाढवणारा), तो या स्पीडला आरामात ओढतो. पितळेच्या बारीक वस्तू, चिमणीची टोपी, डोम, हँडरेलचे खांब, याला मिनी छान आहे हे पण खरं.

आणि लेथला घालशील त्याच्या निम्मे तरी पैसे सामानाला बाजूला ठेव. सगळे पैसे लेथमध्ये घालून लोक नुसते बघत बसतात.

वायरमन_बाळे

थ्री फेजला घाबरू नका, घरचं मीटर बदलायची गरज नाही. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो, १ एचपीला १.५ एचपीचा घ्या, जरा मोकळा राहतो. फक्त एक गोष्ट, हा व्हीएफडी २३० व्होल्ट देतो आणि आपल्याकडच्या छोट्या मोटरी ४१५ ला स्टारमध्ये (वाइंडिंगच्या जोडणीचा एक प्रकार) बांधलेल्या असतात. टर्मिनल बॉक्स उघडा, आत सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (२३० ला चालणारी जोडणी) करायची, झालं काम. तीनच टोकं बाहेर असली तर स्टार पॉइंट आत बांधलाय, तो रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्यायचा. मोटर आणि व्हीएफडीच्या मधे स्विच टाकायचा नाही, चालू बंद व्हीएफडीच्या बटणावरच करा, लाल मशरूम बटण हाताच्या टप्प्यात लावा. अर्थिंग नीट करून घ्या, ८ बाय १० च्या खोलीत तुम्ही आणि लोखंड एकमेकांना खेटूनच असणार.

अजून एक. जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो. व्हीएफडीला ब्रेकिंग टाइम अगदी कमी ठेवला किंवा चालू असताना एकदम उलटा फिरवला तर चक सुटून अंगावर येतो. थांबायला चार-पाच सेकंद द्या.

नॅरोगेज_सोलापूर

काका, वायरमन भाऊ, खूप आभार. मोटरीला सहा टोकं आहेत, फोन करून विचारलं. लेथसोबत थ्री जॉ चक (तिन्ही जबडे एकदम हलणारा) आहे, फोर जॉ (चारही जबडे वेगवेगळे हलणारा) नाही. वेगळा घ्यावाच लागेल का? थ्री जॉमध्ये जॉब पाच-सात शतांश मिमी डुलतो असं ते स्वतःच म्हणाले.

कुर्डुवाडीकर

चाकासाठी थ्री जॉवर पण भागतं, फक्त जॉब कधी सोडायचा आणि कधी सोडायचा नाही हे कळलं पाहिजे. मी असं करतो. बिडाच्या बारच्या चकत्या बाहेरून बँड सॉवर कापून आणायच्या, लेथवर पार्टिंग (टूलने कापून तुकडा वेगळा करणं) करत बसू नका, टूल अडकतं. चकती चकात धरून मागची बाजू फेस (कापून सपाट) करायची, सेंटर ड्रिल, मग ५.८ चा ड्रिल आणि ६ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं टूल), हे सगळं एकाच धरणीत. असे सगळे ब्लँक आधी करून ठेवायचे. मग चकात एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा धरायचा आणि त्यावर ६ मिमीचा खुंट टर्न करायचा, टोकाला आटे पाडून नट. चाक त्या खुंटावर चढवायचं आणि ट्रेड (रुळावर टेकणारा भाग), फ्लँज (चाकाची उंच कड), पुढचा चेहरा तिथं काढायचा. खुंट त्याच चकात, त्याच जागी टर्न केलाय म्हणजे तो शंभर टक्के मध्यावर आहे, चक कितीही डुलका असू दे. बाराही चाकं होईपर्यंत तो खुंट चकातून काढायचा नाही, रात्री जेवायला जाताना पण नाही. तुमची बाहेरून आणलेली चाकं डुलतात ती बहुतेक यामुळेच, भोक एका धरणीत आणि ट्रेड दुसऱ्या धरणीत.

ट्रेडला २० ला १ चा उतार द्या, मोठ्या रेल्वेचा असतो तसाच, कंपाउंड स्लाइड (टूल तिरकं सरकवणारी) ३ अंशाला थोडी कमी फिरवायची. फ्लँजच्या मुळाशी काटकोन ठेवू नका, टूलचं नाक गोल घासून तिथं छोटी गोलाई येऊ द्या.

आणि आठ चाकांचं महत्त्वाचं. बार्शी लाइट उभारणाऱ्या कॅलथ्रॉपने एका अ‍ॅक्सलवर ५ टनांच्या वर वजन जाऊ द्यायचं नाही असं धरलं होतं म्हणून तर त्या इंजिनाचं वजन चार अ‍ॅक्सलवर वाटून ते सगळे कपल केले. कपल केले म्हणजे व्यास सारखा पाहिजे, नाहीतर एक चाक दुसऱ्याला ओढत राहतं, रॉड अडकतात. म्हणून आठही चाकं आधी व्यासाला अर्धा मिमी मोठी ठेवून काढायची, आणि शेवटचा कट सगळ्यांना टूल न हलवता, क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या स्लाइडचा) डायल त्याच आकड्यावर आणून, नेहमी एकाच दिशेने फिरवत, म्हणजे बॅकलॅश (स्क्रूचा ढिलेपणा) मधे येत नाही. मोजायची पण गरज पडत नाही, सगळी सारखीच निघतात.

फोर जॉ पण घ्याच, पहिल्या महिन्यात नाही तरी नंतर. सिलिंडर ब्लॉक, क्रँक, चौकोनी काहीही त्याच्याशिवाय धरता येत नाही.

मापनताई

चाकं सारखी येतील पण अ‍ॅक्सलचं काय? तिथं मोजावंच लागतं. माझं काम दिवसभर गेज तपासायचंच आहे म्हणून सांगते, डिजिटल व्हर्निअरवर अ‍ॅक्सलचं फिटिंग करू नका, ०-२५ चा साधा मायक्रोमीटर घ्या, आणि ०.०१ चा डायल गेज मॅग्नेटिक स्टँडसकट. कार्बाइडचे इन्सर्ट, क्विक चेंज टूल पोस्ट हे सगळं नंतर. डायल गेज नसेल तर फोर जॉ घेऊनही उपयोग नाही, जॉब मध्यावर आणणार कशाने?

आपल्या उन्हाळ्यात अजून एक सांभाळा. कापून गरम झालेला जॉब लगेच मोजायचा नाही. ४५ मिमीचं चाक ४० डिग्रीने तापलं तर जवळपास वीस मायक्रॉन मोठं दिसतं. चहा घेऊन या, मग मोजा. चाक अ‍ॅक्सलवर ठोकून बसवायचं नसेल तर दोन-तीन शतांश मिमी मोकळं ठेवून लॉक्टाइट ६३८ (धातू चिकटवणारं द्रव) लावा, पण ते लावल्यावर क्वार्टरिंग (दोन्ही बाजूंच्या क्रँक एकमेकींना काटकोनात बसवणं) करायला वेळ फार थोडा मिळतो, जिग (चाकं त्या कोनात धरून ठेवणारा साचा) आधी तयार ठेवा.

टर्नरकाका

ताई बरोबर बोलल्या. माझ्याकडून एवढं अजून: बेंच ग्राइंडर आणि तेलाचा दगड आधी घे, एचएसएसचे १० मिमी चौरस तुकडे घे, टूल स्वतः घासायला शीक. बिडाला टूलचा वरचा भाग जवळजवळ सपाट ठेवायचा, पितळेला पण तसाच, नाहीतर पितळ टूलला आत खेचतं. बिडाची वरची कातडी कडक आणि वाळूची असते, तिच्यावर टूल नुसतं घासू नको, पहिला कट कातडीच्या खालून, एक मिमी तरी. पाणी, कूलंट काही नाही, बीड कोरडंच कापायचं. त्याची काळी पूड बेडच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी बेड खाते, म्हणून आधी बेडवर जुना पेपर पसरायचा, काम झालं की ब्रशने झाडून पुसून तेल. हवा मारायची नाही.

हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या वर, चष्मा लावायचा, आणि चकाची चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही.

नॅरोगेज_सोलापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, हे सगळं कागदावर उतरवून घेतलंय. जुनाच बघतो. रविवारी डायल गेज घेऊन जाणार. चेंज गिअरचा (लेथवर आटे पाडायला लागणाऱ्या गिअरचा) डबा त्यांना सापडत नाहीये म्हणाले, त्यावर किंमत किती पाडून मागू?

टर्नरकाका

तुझ्या इंजिनाचे आटे सगळे एम २, एम ३ चे, ते टॅप आणि डायने होतात, चेंज गिअर तुला पाच वर्षं लागणार नाहीत. पण मागताना हे बोलू नको. एकेक गिअर नवा करून घ्यायचं म्हटलं तर काय पडतं ते आधी दोन ठिकाणी विचार आणि पूर्ण सेटचा तो आकडा त्यांच्यासमोर ठेव. आणि जाताना हातोडी, दोन मजबूत पाइप आणि एक माणूस ने, बघायला म्हणून गेलेला माणूस तिथंच ठरवून येतो. आणताना हेडस्टॉकला (चक असलेल्या डोक्याला) दोर बांधा, लीड स्क्रूला (बेडच्या बाजूच्या लांब स्क्रूला) नाही.