सेव्हन सामुराई: शेवटची भातलावणी आणि बाबांचा एक प्रश्न

लेथवाला_खानापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, तेव्हा जरा दमानं घ्या.

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर कामाला. गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला, घरची भातशेती. मागच्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ते माझ्याकडं अनगोळात आलेत. काळा चष्मा, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. बहात्तर वर्षांचा माणूस दिवसभर गॅलरीत बसून ढगाकडं बघतोय. मग एका रविवारी मी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' लावलो. मी आधी तीनदा बघितलोय. 1954 चा, काळा-पांढरा, साडेतीन तासांना थोडा कमी. बाबा म्हणाले, "लढाईचा हाय न्हवं? लाव."

सबटायटल इंग्रजीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. पहिल्या पाच मिनिटांतच अडलो. घोड्यावरून येणारे ते चाळीस लुटारू, त्यांना 'डाकू' म्हटलो तर बाबांच्या डोळ्यापुढं चंबळ. 'पेंढारी' म्हटलो आणि गाडी सुटली. त्यांच्यापासून गाव राखायला गावकरी सामुराई, म्हणजे जपानी लढवय्ये, आणतात, त्यांना शिलेदार म्हटलो. पण ह्या सात जणांना कुणी धनी नाही, मोहीम नाही, पगार नाही. "बिनधन्याचे शिलेदार," मी म्हणालो. "म्हंजे पोटाला महाग," बाबा म्हणाले. गावचा म्हातारा पाणचक्कीत बसून नेमकं तेच सांगतो: भुकेले सामुराई शोधा. मजुरी काय, तर तीन वेळचा भात. आणि तो भात देण्यासाठी गावकरी स्वतः भरड धान्य खातात. इथं बाबा पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले.

आता मुख्य दोन जागा.

एक: किकुचियो, म्हणजे तो सातवा, खोटा सामुराई. गावकऱ्यांनी मेलेल्या, पळालेल्या सामुराईंची चिलखतं लपवून ठेवलेली तो शोधून आणतो. बाकीच्या सहांची तोंडं पडतात, कारण ती चिलखतं त्यांच्यासारख्याच कुणाच्या तरी अंगावरची. मग तो ओरडायला लागतो. शेतकरी लबाड असतात, नाही म्हणतील पण तांदूळ आहे, मीठ आहे, दारू आहे, जमिनीखाली खणा, माळ्यावर बघा! आणि तसंच पुढं, पण त्यांना असं केलं कुणी? तुम्ही! गावं जाळलीत तुम्ही, धान्य नेलंत तुम्ही. किकुचियो झालेला तोशिरो मिफुने हे बोलताना मी सांगायचं विसरून नुसता बघतच राहिलो. बाबांनी कोपरानं ढोसलं. सांगितलो. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "लेव्हीच्या टायमाला तुझ्या आज्जानं कोंड्याच्या पोत्यांखाली सहा पोती भात घातलं होतं. वर म्हस बांधली." लेव्ही म्हणजे सरकार सक्तीनं धान्य न्यायचं ते. मी चाळीस वर्षांचा आहे. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दोन: शेवट. लढाई संपली, सातांतले चार गेले. टेकडीवर चार मातीचे ढिगारे, त्यांवर तलवारी रोवलेल्या. खाली लावणी चाललीय. ढोल, बासरी, बायका रांगेनं रोपं लावतायत, गाणं चाललंय. उरलेले तीन सामुराई कडेला उभे, त्यांच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. त्यांचा म्होरक्या काम्बेई म्हणतो, ह्या वेळीही आपण हरलो, जिंकले ते शेतकरी. दर वेळी इथं माझा जीव कासावीस होतो. गरज सरो वैद्य मरो, हेच ना? मी बाबांना तसं बोललोही.

बाबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तरवा कवा घातला?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. तरवा म्हणजे वाफ्यात बी टाकून वाढवलेली रोपं. लावणीला रोप किमान तीन-साडेतीन आठवड्यांचं पाहिजे. पेंढारी जव कापणीनंतर येणार म्हणून सगळी तयारी. जव कापला, लगेच लढाई, लगेच लावणी. म्हणजे तरवा लढाईच्या आधी टाकलेला. सगळं गाव भाले घेऊन कवायत करत होतं तेव्हा कुणीतरी भाताचं बी भिजत घालून, मोड आणून वाफ्यात टाकलं. पिक्चरमध्ये तो वाफा मला कुठं दिसला नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही हा शेवट कसा बघता? कुरोसावा शेतकऱ्यांना कृतघ्न म्हणतोय का? माझं उत्तर गेल्या रविवारपर्यंत 'होय' होतं.

तिसरं_गेट

लेथवाले, मस्त लिहिलंत. पण मी तुमच्या जुन्या उत्तराच्याच बाजूचा.

कुरोसावाच्या वडिलांचं घराणं सामुराईचं. हे माहीत असून बघितलं की शेवट म्हणजे एका जातकुळीचं श्राद्धच वाटतं. एक गोष्ट मोजून बघा. चार सामुराई मरतात, चारही बंदुकीच्या गोळीनं. तलवारीनं एकही नाही. क्यूझो, ज्याच्यासारखा तलवारबाज साऱ्या पिक्चरमध्ये नाही, जो रात्री एकटा जाऊन शत्रूची एक बंदूक घेऊन येतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात झोपायला जातो, तो झोपडीत लपलेल्या सरदाराच्या गोळीनं चिखलात पडतो. पेंढाऱ्यांकडं (शब्द फक्कड निवडलात) बंदुका तीनच. जपानात बंदूक आणली पोर्तुगीजांनी, 1543 साली. म्हणजे तेच, जे त्याआधी तेहतीस वर्षं आपल्या चोर्ला घाटाखाली गोव्यात येऊन बसले होते.

आणि ती पावसातली लढाई! एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून घेतलीय, काही लांबच्या भिंगाचे, म्हणून घोडे अंगावर आल्यासारखे वाटतात. चित्रीकरण ऐन थंडीत, फेब्रुवारीत. मिफुने उघड्या पायांनी त्या चिखलात. पावसाळ्यात आमच्या रेल्वे गेटाखालून स्कूटर ढकलत नेताना मला नेहमी तेच आठवतं, घोडे तेवढे नसतात.

तरव्याचं मात्र सुचलं नव्हतं. तरीपण शेवटी कॅमेरा वर, त्या चार ढिगाऱ्यांवर जाऊन थांबतो, तरव्यावर नाही.

वडगावची_सून

दोघांनाही एक विचारते. लावणी करणाऱ्या बायका आहेत, हे लेथवाल्यांनी लिहिलंय आणि दोघंही पुढं गेलात.

गावातला शेतकरी मान्झो आठवतो? सामुराई येणार म्हणून पोरीचे केस कापतो. शिनो किंचाळते, पळते, हा मागनं. राखणदारांपासून पोरीची राखण. ह्या गावाचा पेंढाऱ्यांवर विश्वास नाही आणि रक्षण करणाऱ्यांवरही नाही, आणि त्यात चूक काय आहे? मग ती त्या कोवळ्या सामुराईच्या, कात्सुशिरोच्या, प्रेमात पडते, बाप तिला मारतो. आणि गावातल्याच रिकिचीची बायको. गावानं ती पेंढाऱ्यांना देऊन टाकलेली असते. सामुराई तिथला अड्डा पेटवतात, ती बाहेर येते, नवऱ्याला समोर बघते आणि वळून पुन्हा आगीत जाते. एक शब्द बोलत नाही. मी हा सिनेमा कॉलेजात असताना बघितला, त्यानंतर हिंमत झाली नाही ते ह्या एका जागेमुळं.

आता शेवट. गाणं कोण म्हणतोय? रिकिची. तोच. हसतोय, ढोलाच्या ठेक्यावर बायकांना जोर देतोय. त्याला कृतघ्न म्हणायचं? आणि शिनो कात्सुशिरोच्या समोरून जाते, थबकते, बोलत नाही, शेतात उतरते आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायला लागते. माझं माहेर कडोलीकडं. लावणीत आई भलरी जास्त मोठ्यानं म्हणायला लागली की आम्ही पोरं गप्प बसायचो. काहीतरी झालंय, एवढं कळायचं.

तरवा कुणी घातला असेल, हा तर प्रश्नच नाही. भाले पुरुषांच्या हातात होते.

लेथवाला_खानापूर

ताई, दंडवत. हे बाबांना वाचून दाखवलो. ते म्हणाले, "मग त्यात इचारायचं काय?" आमच्या घरी बी नेहमी आईच भिजवायची, बाबा फक्त वाफा तयार करायचे. मी लिहिताना 'कुणीतरी' लिहिलो, खरं आहे.

तिसरं गेट, बंदुकीचं तुमचं बरोबर. बाबांनाही क्यूझो गेल्याचं वाईट वाटलं. म्हणाले, "चांगला कारागीर व्हता." लढवय्या म्हणाले नाहीत, कारागीर म्हणाले.

निपाणीकडचा

आमच्याकडं भात कमी, तंबाखू आणि ऊस जास्त, त्यामुळं तरव्यात मी पडत नाही. इतिहासाचं थोडं सांगतो.

किकुचियो आपली म्हणून कुणाची तरी वंशावळ दाखवतो, तिच्यातल्या जन्मसालाप्रमाणं तो तेरा वर्षांचा निघतो आणि सगळे हसतात. त्या हिशेबानं गोष्ट 1586-87 च्या सुमाराची. तोवर शेतकऱ्यानं भाला हातात घेणं किंवा मातीतून वर येऊन सामुराई होणं शक्य होतं. 1588 साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी ह्यानं शेतकऱ्यांची हत्यारं काढून घ्यायचा हुकूम काढला. हा हिदेयोशी स्वतः साध्या घरातला! वर चढला आणि मागची शिडी ओढून घेतली. म्हणजे ह्या गावानं शिकलेली कवायत दोन वर्षांत गुन्हाच ठरणार होती. लपवलेली चिलखतं पुन्हा शोधून काढायला लोक येणार होते. कोण जिंकलं म्हणायचं, हे त्यामुळं मला काम्बेईइतकं सरळ वाटत नाही.

दुसरं, हा पिक्चर आला तेव्हा जपानात जमीन सुधारणा होऊन चारच वर्षं झाली होती. कुळं मालक झाली होती. आपल्याकडं 1974 च्या कायद्यानंतर कसणाऱ्याच्या नावावर उतारा झाला, आमच्या आजोबांचाही त्यातलाच. ते उतारा घडी करून टोपीत ठेवून हिंडायचे असं आई सांगते. जुन्या मालकाच्या वाड्यावरून जाताना मात्र मान खाली. चार वर्षांपूर्वी जमीन मिळालेला जपानी शेतकरी थिएटरात बसून 'जिंकले ते शेतकरी' ऐकत असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, मी ह्याचाच विचार करतोय.

आणि लेथवाले, एक राहिलं. काम्बेईचा नकाशा आठवा. एका बाजूला कुंपण, एका बाजूचा पूल तोडायचा, एक वाट मुद्दाम उघडी, आणि एका बाजूला जव कापल्या कापल्या शेतात पाणी सोडायचं, घोडे येऊ नयेत म्हणून. तो खंदक म्हणजे भाताचंच शेत की ओ. पाणी तुंबलेलंच होतं. लावणीचा चिखल लढाईसाठीच तयार झाला, का लढाई लावणीच्या चिखलात झाली, तुम्हीच ठरवा.

तिसरं_गेट

हे घ्या! पंधरा वर्षं मी लोकांना तो नकाशा युद्धशास्त्र म्हणून समजावून सांगतोय.

लेथवाला_खानापूर

निपाणीकडचे, तुमचं वाचून काल रात्री तो नकाशाचा भाग पुन्हा लावलो. बाबा चष्मा काढून टीव्हीपासून हातभर अंतरावर. पाणी सोडल्यावर म्हणाले, "असंच. नांगूर धरायला दोन दिस आधी भिजायला पायजे." मग शेवट परत बघायला लावले. ह्या खेपेला मी काहीच सांगितलो नाही, त्यांनी विचारलंही नाही. बायका मागं मागं सरत लावतात, त्यांच्या हातातल्या रोपांच्या मुठी ते बघत होते. एकदा थांबवायला सांगितले. "रोप जरा जून झालंय. आठ दिस उशीर." लढाईमुळं झाला असेल, मी म्हटलो. "व्हय, त्याच्यामुळंच," म्हणाले, आणि मागं टेकले.

कृतघ्न का नाही, ह्यावर मी अजून पक्का नाही. त्या तिघांना निदान जेवून जा तरी म्हणायला हवं होतं, असं मला वाटतंच.

डॉक्टरनी अजून आठ दिवस सांगितलेत, पण गावाकडून चुलत्यांचा फोन आला. तरवा वर आलाय, पाऊसही लागलाय, गव्यांनी एका कोपऱ्यात तोंड घातलंय. बाबा पिशवी भरून दारात बसलेत. मी तीन दिवस रजा टाकलोय. बांधावर रेंज नसते, उत्तरं आल्यावर वाचेन.