बॅटडिटेक्ट२ चालते, पण हाक एकही सापडत नाही

प्रश्न : नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी तिन्हीसांजेला केलेले वटवाघळांचे ध्वनिमुद्रण तपासण्यासाठी मी पायथनच्या पिपद्वारे (पॅकेज बसवण्याचे साधन) बॅटडिटेक्ट२ हे वटवाघळांच्या हाका ओळखणारे सॉफ्टवेअर बसवले, ते विनातक्रार चालते, तरी एकही हाक सापडत नाही. मुद्रण मोबाइलवर, ४८ किलोहर्ट्झ नमुना-दराने (सेकंदाला ४८ हजार नमुने) केले आहे.

उत्तर : बसवण्यात चूक नाही, मुद्रणात आहे. या दराने त्याच्या निम्म्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी टिपला जातो आणि कीटकभक्षी वटवाघळांच्या बहुतेक हाका त्याहून वर असतात. ऑडिओमॉथ हा अतिउच्च ध्वनीही टिपणारा छोटा मुद्रक ३८४ किलोहर्ट्झवर ठेवून पुन्हा मुद्रण करावे.

दुसरे उत्तर : बॅटडिटेक्ट२चे मूळ प्रारूप (मॉडेल) ब्रिटनमधील १७ प्रजातींवर शिकवलेले असल्याने, हाक सापडली तरी नागपुरात त्याने दिलेल्या प्रजातीच्या नावावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता : आभार. डासांची गुणगुण मात्र मोबाइलने सुरेख टिपली आहे!