'कोर्ट मीटिंग'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

जुनी_मिल: वडलांच्या नावावर एका कंपनीचे जुने शेअर आहेत, ती कंपनी दुसरीत विलीन होणारे म्हणून जाडजूड नोटीस आलीय. मराठी पेपरात जाहिरात पण आलीय, त्यात 'न्यायाधिकरण संयोजित सभा' असं छापलंय. आई म्हणायलीय कोर्टाचं पत्र म्हणजे तारखेला मुंबईला जावं लागतंय. हा शब्द बरोबर आहे का ओ?

कडक_भाकरी: समन्स नाही ते, निवांत राहा. विलीनीकरणाची स्कीम असली की कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 खाली एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, अर्ज जातो, आणि एनसीएलटी सांगतंय की भागधारकांची, धनकोंची सभा घ्या, अध्यक्ष अमुक, कोरम (किमान हजेरी) एवढा. निदान एक महिना आधी नोटीस, शिवाय एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या पेपरात जाहिरात, म्हणून तुम्हाला ती मराठीत दिसली. पास व्हायला डोकी मोजून बहुमत लागतंय आणि मत देणाऱ्यांच्या एकूण शेअरांच्या किंवा येण्याच्या किमतीतला तीन चतुर्थांश हिस्सा त्या डोक्यांकडं पण लागतोय. 2016 च्या डिसेंबरपर्यंत हे काम हायकोर्टाकडं होतं, म्हणून जुने सीएस (कंपनी सेक्रेटरी) अजून 'कोर्ट मीटिंग'च म्हणतात.

शेंगाचटणी: 'संयोजित' मला तरी पटत नाही. संयोजक म्हटलं की गणपतीतल्या स्पर्धेचा संयोजक आठवतोय, जो मांडव घालतो, खुर्च्या मांडतो. एनसीएलटी खुर्च्या मांडत नाही. हुकूम त्यांचा, भरवते कंपनी, चालवतो त्यांनी नेमलेला अध्यक्ष, आणि इंग्रजीतल्या एका 'कन्व्हीन'मध्ये (सभा बोलावणं) हे सगळं कोंबलंय. सरळ 'न्यायाधिकरणाच्या आदेशाने बोलावलेली सभा' लिहा, लांब झालं तर झालं.

हुतात्मा_पकडतो: मग 'न्यायालयीन सभा' का नको? सुटसुटीत आहे की.

शेंगाचटणी: त्यातून सभा कोर्टात भरलीय असं वाटतंय, ह्यांच्या घरी तेच झालं.

हुतात्मा_पकडतो: असं कसं, 'न्यायालयीन कोठडी' म्हणतो आपण तेव्हा माणूस कोर्टात नसतो, जेलात असतो. तिथं चालतंय तर इथं का नाही?

कडक_भाकरी: मुद्दा बरोबर आहे 😄 पण एनसीएलटी हे न्यायालय नाही, न्यायाधिकरण आहे, त्यामुळे 'न्यायालयीन' तसाही गळतो. आणि सहकारी साखर कारखान्यात बघा, सहकार कायद्याच्या कलम 76 खाली निबंधक विशेष सभा बोलवायला लावू शकतात, त्याला कुणी 'निबंधकीय सभा' म्हणत नाही, निबंधकांच्या आदेशाने सभा लागली म्हणतात. तीच वळणाची मराठी इथं बसते. खरी गंमत कंपनी कायद्याच्या कलम 98 मध्ये आहे. भागधारकांची भांडणं, कोरमच होत नाही, सभा घेणंच अशक्य झालं, तर एनसीएलटी स्वतः सभेचा आदेश देऊ शकतं, आणि असंही म्हणू शकतं की एकच सभासद हजर असला, स्वतः किंवा प्रॉक्सीनं (आपल्या वतीनं पाठवलेल्या माणसानं), तरी ती सभाच धरावी. वार्षिक सभेसाठी तसंच 97.

जुनी_मिल: एकट्याची सभा?? तो बोलणार कुणाशी?

कडक_भाकरी: इंग्लंडात 1876 ला शार्प विरुद्ध डॉज खटल्यात हेच झालं. एका खाणकंपनीच्या सभेला सेक्रेटरी सोडून एकच भागधारक आला, तोच अध्यक्ष झाला, भागधारकांकडून पैसे मागायचा ठराव केला आणि अध्यक्षांच्या, म्हणजे स्वतःच्याच, आभाराचा ठराव पण झाला! कोर्ट म्हणालं मीटिंग या शब्दाचा अर्थच एकापेक्षा जास्त माणसं एकत्र येणं, ही सभा नाही. म्हणून आता आदेशात तसं स्पष्ट लिहावं लागतंय.

शेंगाचटणी: त्याला शब्द तयार आहे की, 'मानीव', म्हणजे नसली तरी कायद्यानं तशी धरलेली. सोसायटीवाले मानीव अभिहस्तांतरण म्हणतातच, तशी 'मानीव सभा'.

कडक_भाकरी: हा चालेल. पण फक्त एकट्याच्या सभेला. ह्यांच्या नोटिशीतल्या सभेला मानीव म्हणू नका, ती खरीखुरी माणसं मोजून, मतं मोजूनच होते. आणि जुनी_मिल, शेअर वडलांच्या नावावर आहेत म्हणजे मत त्यांचं, नोटिशीत ई-व्होटिंगची मुदत बघा आधी.