हँडिकॅप नेमका काढतात कसा? माझं गणित आणि अ‍ॅपचा आकडा जुळत नाहीये

अनिकेत_क
नमस्कार मंडळी, गोल्फ खेळायला लागून फार दिवस झाले नाहीत. आत्तापर्यंत १८ होलचे तीन राउंड खेळून कार्डं अ‍ॅपमध्ये टाकली आणि काल पहिल्यांदा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) आला, २१.९. आनंद झाला पण गणित काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. माझे स्कोअर १०३, ९७ आणि १०५, कोर्सचा पार (अपेक्षित फटके) ७२. सरासरी काढली तर पारपेक्षा जवळपास ३० फटके जास्त होतात, मग २२ कुठून आला? मी आजवर एकदाही ७२ अधिक २२ म्हणजे ९४ च्या आसपास फिरकलेलो नाही. दुसरं म्हणजे पहिल्या राउंडचा १०३ अ‍ॅप १०१ दाखवतंय, मी तर कार्डावर खरेखुरे फटके लिहिले होते. कार्डावर कोर्स रेटिंग ७०.८ आणि स्लोप १२४ असं छापलंय, त्याचं काय करायचं तेही माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मित्राबरोबर मॅच प्ले (एकेक होल जिंकत खेळायची मॅच) आहे, त्याचा इंडेक्स ९.३. मला किती फटक्यांची सूट मिळणार? कुणी नीट फोड करून सांगेल का?

जुना_पटर
सोपं आहे. शेवटच्या २० राउंडमधले चांगले १० घ्यायचे, सरासरी काढायची आणि ०.९६ ने गुणायचं. तुमचे २० झाले नाहीत म्हणून आकडा असा विचित्र दिसतोय.

मीनल_ग
जुना_पटर, तुम्ही सांगताय ती यूएसजीएची (अमेरिकेतली गोल्फ संस्था) आधीची पद्धत. २०२० पासून यूएसजीए आणि ब्रिटनमधली आर अँड ए यांनी मिळून जगभरासाठी एकच पद्धत आणली, त्याआधी सहा वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. आता २० पैकी चांगले ८ घेतात आणि ०.९६ चा गुणाकार गेला.

अनिकेत, तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते म्हणजे पटकन कळेल.

आधी १०३ चा १०१ का झाला ते. कार्ड काढून बघा, एखाद्या होलवर फार फटके गेलेत का? हँडिकॅप मिळायच्या आधी कुठल्याही होलवर जास्तीत जास्त पार अधिक ५ एवढेच मोजतात. म्हणजे पार ५ ला ११ लागले असतील तर १० धरणार, पार ४ ला १० लागले तर ९. असे दोन होल असतील तर झाले की दोन फटके कमी. एका खराब होलने अख्खा राउंड चुकीचं चित्र दाखवू नये एवढाच त्यामागे हेतू. खेळताना मात्र कार्डावर खरा आकडाच लिहायचा, कापाकापी नंतर अ‍ॅप करतं.

आता मुख्य गणित. प्रत्येक राउंडचं डिफरन्शियल काढायचं: स्कोअरमधून कोर्स रेटिंग वजा करा (पार नाही, बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात), मग ११३ ने गुणून स्लोपने भागा. तुमचा पहिला राउंड १०१ वजा ७०.८ म्हणजे ३०.२, गुणिले ११३ भागिले १२४, आले २७.५. दुसरा तसाच करा, २३.९. तिसरा ३१.२. त्या दिवशी हवामान वगैरेमुळे सगळ्यांचेच स्कोअर नेहमीपेक्षा फार वेगळे आले तर पीसीसी नावाचा छोटा फरक त्यात धरला जातो, उणे १ पासून अधिक ३ पर्यंत, पण बहुतेक दिवशी तो शून्यच असतो.

फक्त तीनच राउंड असतील तर नियम असा की सगळ्यात कमी डिफरन्शियल घ्यायचं आणि त्यातून आणखी २ वजा करायचे. २३.९ वजा २ म्हणजे २१.९. हाच तुमचा आकडा, अ‍ॅप बरोबर आहे.

सरासरीशी तो जुळत नाही कारण तो सरासरी नाहीच. आपण चांगले खेळलो तर कुठवर जाऊ शकतो ते हँडिकॅप सांगतो. २० राउंड झाल्यावरसुद्धा वाईट १२ बाजूला पडतात आणि चांगले ८ च मोजले जातात, त्यामुळे चार-पाच राउंडमधून एखादवेळी हँडिकॅपएवढं खेळलात तरी ते अगदी नॉर्मल आहे. मला हे कळायला वर्ष गेलं, तोवर प्रत्येक राउंडनंतर आपण खराबच खेळतोय असं वाटून मन खट्टू व्हायचं.

टी_बॉक्स
मीनलताईंनी छान सांगितलंय, स्लोपबद्दल थोडी भर घालतो कारण लोकांना वाटतं स्लोप जास्त म्हणजे कोर्स अवघड. तसं थेट नाही. स्क्रॅच खेळाडूने, म्हणजे ज्याचा हँडिकॅप शून्य आहे त्याने, त्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) किती मारायला हवेत ते कोर्स रेटिंग सांगतं. स्लोप सांगतो की साधारण २० हँडिकॅपवाल्याला तोच कोर्स स्क्रॅचवाल्याच्या मानाने किती जास्त छळतो. पुरुषांसाठी दोघांच्या अपेक्षित स्कोअरमधला फरक ५.३८१ ने गुणला की स्लोप येतो. तुमच्या १२४ वरून उलटं गेलात तर फरक २३ फटक्यांचा निघतो. पाण्यावरून १८० यार्ड मारायचं असलं तर स्क्रॅचवाला विचारही न करता मारून टाकतो, आपला बॉल मात्र पाण्यात. असे होल जिथे जास्त तिथे स्लोप वर जातो. ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो, ११३ हा प्रमाण धरलेला.

आता मॅचचं. इंडेक्स तुमच्याबरोबर सगळीकडे फिरतो, पण खेळताना त्या कोर्सचा कोर्स हँडिकॅप काढावा लागतो: इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग वजा पार. तुमचा २४.०३ आणि त्यात उणे १.२, म्हणजे २२.८, धरा २३. मित्राचा त्याच टीवरून ९. मॅच प्लेमध्ये पूर्ण फरक मिळतो, १४ फटके. कार्डावर प्रत्येक होलला स्ट्रोक इंडेक्स (होल किती अवघड त्याचा क्रमांक, १ म्हणजे सगळ्यात अवघड) लिहिलेला असतो, १ ते १४ लिहिलेल्या होलवर तुम्हाला एकेक फटका जास्त. टी वेगळ्या असतील तर दोघांचं गणित आपापल्या टीच्या रेटिंगवर करायचं, हे आधीच ठरवून घ्या, पहिल्या होलवर उभं राहून वाद नको.

वैयक्तिक स्ट्रोक प्ले स्पर्धेत (जिथे एकूण फटके मोजतात) मात्र सहसा कोर्स हँडिकॅपचे ९५ टक्केच देतात.

सुनंदा_पार३
एक गोष्ट मनापासून सांगते, चांगली आणि वाईट दोन्ही कार्डं टाकत जा. मी ज्यांच्याबरोबर खेळायचे त्या ग्रुपमध्ये एक जण चांगला राउंड झाला की कार्डच टाकायचा नाही आणि स्पर्धेत १८ हँडिकॅपवर येऊन बक्षीस घेऊन जायचा, तेव्हा बाकीच्यांची चिडचिड व्हायची आणि शेवटी दोघी-तिघींनी खेळणंच सोडलं. सगळा खेळ एकमेकांवरच्या विश्वासावर चालतो.

पद्धतीतही याला थोडा आळा आहे. गेल्या ३६५ दिवसांतल्या तुमच्या सगळ्यात कमी इंडेक्सपेक्षा ३ च्या वर गेलात की वरची वाढ निम्मीच धरतात आणि ५ च्या वर तर जाताच येत नाही. ही मर्यादा २० राउंड पूर्ण झाल्यावर लागू होते. उलट एखाद्या दिवशी डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्तने कमी आलं तर इंडेक्स लगेच आणखी १ ने खाली आणतात, १० किंवा जास्तने कमी असेल तर २ ने.

अनिकेत_क
मीनलताई, टी_बॉक्स, सुनंदाताई, सगळ्यांचे मनापासून आभार! कार्ड काढून बघितलं, पहिल्या राउंडला सातव्या होलवर ११ आणि पंधराव्यावर १० होते, म्हणजे तुम्ही म्हणालात तस्संच. काल चौथा राउंड खेळलो, ९९ धरला अ‍ॅपने. माझ्या हिशोबाने डिफरन्शियल २५.७. पण इंडेक्स २१.९ वरून २२.९ झाला!! ९९ तर माझा दुसरा चांगला स्कोअर आहे ना, मग इंडेक्स वाढला कसा?

मीनल_ग
हो, इथे सगळेच गोंधळतात. चार राउंड झाले की सगळ्यात कमी डिफरन्शियलमधून २ ऐवजी १ च वजा होतो. कमीत कमी अजून २३.९ च आहे, म्हणून २२.९. पाचव्याला काहीच वजा होत नाही, म्हणजे २३.९ पेक्षा चांगलं आलं नाही तर २३.९ होणार. सहा झाले की चांगले दोन घेऊन त्यांच्या सरासरीतून १ वजा. राउंड थोडे असताना हा आकडा वरखाली होतच राहतो.

आणि हो, आता तुमचा हँडिकॅप तयार झालाय म्हणून होलची मर्यादा बदलली. पार अधिक ५ नाही, आता पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारे फटके. इंडेक्स २२.९ वर तुमचा कोर्स हँडिकॅप २४ येतो. प्रत्येक होलला एक आणि स्ट्रोक इंडेक्स १ ते ६ ला दोन. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ५ च्या पार ४ ला जास्तीत जास्त ८, आणि स्ट्रोक इंडेक्स १२ च्या पार ३ ला ६. मित्राबरोबरच्या मॅचलाही आता १४ नाही, २४ वजा ९ म्हणजे १५ फटके मिळतील, त्याचा इंडेक्स तेवढाच राहिला असेल तर. जायच्या आधी दोघांचे आकडे त्याच दिवशी पुन्हा बघून घ्या.

अनिकेत_क
बघतो. स्ट्रोक इंडेक्स १५ चा होल पार ३ आहे आणि समोर पाणी, तिथे एक फटका जास्त मिळतोय म्हटल्यावर बरं वाटलं. रविवारी मॅच झाली की इथेच कार्ड टाकतो.