'टॅग'मध्ये राज्य कुणावर आहे, याने काही फरक पडतो का?

खडूफळा:
जेफ टॉमसिकचा 'टॅग' (२०१८) ज्या खऱ्या खेळावर बेतलाय तो खेळच सिनेमाला कळला नाही, असं माझं ठाम मत आहे. (पुढे शेवट उघड होईल.)

खरी हकिगत थोडक्यात. अमेरिकेच्या वायव्येकडच्या स्पोकेन शहरातल्या गोन्झागा प्रेप शाळेचे दहा मित्र. शाळा सुटली तशी पकडापकडीही सुटली, ती १९९० मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर एक जण वकील झालेला, त्याने रीतसर करारच लिहिला. खेळ फक्त फेब्रुवारीत. ज्याने राज्य दिलं त्यालाच लगेच परत द्यायचं नाही. महिना संपताना ज्याच्यावर राज्य, त्याने ते पुढचे अकरा महिने मिरवायचं. जानेवारी २०१३ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने हे छापलं.

इथली सगळी मजा दोन गोष्टींत आहे: राज्य फिरतं आणि माणसं लांब लांब राहतात. राज्य असलेला एकटा, बाकीचे नऊ धास्तावलेले. एकाला शिवायला विमान पकडायचं, गाडीच्या डिकीत दबा धरून बसायचं. सिनेमाने दहाचे पाच केले, फेब्रुवारीचा मे केला आणि इतक्या वर्षांत एकदाही हाती न लागलेला जेरी (जेरेमी रेनर) आणला. मग चौघं मिळून त्या एकाला घेरतात. मधेच कुणी विचारलं की आत्ता राज्य कुणावर, तर आठवावं लागतं. ही पकडापकडी नव्हे, शिकार आहे.

रिकामी रीळ:
अजिबात पटलं नाही. शंभर मिनिटांत दहा मित्र वेगळे ओळखू येणार कसे? पाच ठेवले म्हणून होगीचा उतावीळपणा, बॉबची ऐट, चिलीचा आळस लक्षात राहतो. आणि जेरीमुळे गोष्टीला मुदत मिळते: त्याचं लग्न आहे, त्यानंतर तो खेळातून निवृत्त होणार.

लग्नाच्या कार्यक्रमांत शिवायचं नाही, हे कलम तर नीट बघा. अख्खं लग्नच जेरीचा भोज्या होतं. तो हाताच्या अंतरावर उभा आणि हात लावायची सोय नाही. तुम्हाला हवं असलेलं लांब अंतर सिनेमाने इथे नियमाने तयार केलंय. पटकथा म्हणून हे मला फार पक्कं काम वाटतं.

कट्टेकरी:
दोघंही कथेबद्दल बोलताय, कॅमेऱ्याबद्दल कुणीच नाही. शिवाशिवीत पाठलाग करणारा, पळणारा आणि पळायची वाट, तिन्ही एकाच चौकटीत हवीत. मधे कापलं की दोघांतलं अंतर कळत नाही आणि धाकधूक संपते. सुरुवातीचा कचेरीतला प्रसंग म्हणूनच चालतो. बॉबला गाठायला होगीने त्याच्याच कंपनीत सफाई कामगाराची नोकरी धरलीय, आणि बॉब समोर बसून एका वार्ताहर बाईला मुलाखत देतोय. खोली बंद, अंतर डोळ्यांसमोर.

जेरीच्या वेळी मात्र सगळं संथ होतं आणि समोरचा आता काय करणार हे तो मनात बोलून दाखवतो. अर्ध्या सेकंदाचं कसब दिसावं म्हणून हे केलंय, मान्य. पण एकदा पुरे होतं. दर वेळी तेच केल्यावर तो निसटणार हे आधीच कळतं. याच चित्रीकरणात पडून रेनरचे दोन्ही हात मोडले, उजवं कोपर आणि डावं मनगट. तरी त्याने काम पूर्ण केलं, हातांवरचे आधार नंतर संगणकावर पुसले. एवढी मेहनत संथगतीत विरघळली याचं वाईट वाटतं.

पागोळी:
माझा आक्षेप वेगळा. जेरीला वाचवायला त्याची वाग्दत्त वधू आपोआप गर्भपात झाल्याचं नाटक करते. ते विनोद म्हणून दाखवणं मला अजिबात मान्य नाही. आणि होगीची बायको ॲना? सगळ्यांत जीव तोडून तीच खेळते, पण नऊ वर्षांच्या पोरांनी 'मुली नकोत' असं लिहून ठेवलंय म्हणून तिला लिंबूटिंबूचाही मान नाही. आयला फिशरने हे काम इतक्या त्वेषाने केलंय की तो नियम मोडायला शेवटपर्यंत थांबणं अन्यायच वाटतो.

खडूफळा:
पागोळी, पूर्ण सहमत. शेवटाबद्दलही माझं तेच म्हणणं आहे. होगीच्या यकृतात गाठ निघते, पुढच्या वर्षी तो असेल-नसेल, म्हणून जेरी दवाखान्यात स्वतःहून हात लावू देतो. खऱ्या मित्रांना एकत्र यायला आजारपण लागलं नव्हतं, कराराचा कागद पुरला. सिनेमाच्या शेवटी त्या खऱ्या माणसांची चित्रफीत दाखवलीय. कुणाच्या तरी घरात गुपचूप शिरणारी पोक्त माणसं, आणि शिवलं गेल्यावरचा तो आरडाओरडा. तेवढा तुकडा पुन्हा बघा.

रिकामी रीळ:
बघितलाय, आणि आवडलाही. पण तो आवडतो कारण त्याआधी शंभर मिनिटं या पाच जणांबरोबर काढलेली असतात. शिवाय तुम्ही दवाखान्यातलं पुढचं सोडून दिलंत. जेरीला शिवून झाल्यावर मुलींचा नियम रद्द होतो, ॲना आणि ती वार्ताहर बाईसुद्धा खेळात येतात, आणि दवाखान्यातच पळापळ सुरू होते. तिथे राज्य फिरतंय, खडूफळा. तुम्हाला हवं होतं तसंच.

खडूफळा:
फिरतंय, पण शेवटच्या दोन मिनिटांत. मला ते पहिल्यापासून हवं होतं.