हल्लीचं स्टँडअप आणि जुने विनोदवीर, फरक नक्की कुठे आहे?

राममारुतीरोड:
आमच्या घरात सध्या हा एकच वाद चालू आहे म्हणून विचारतेय. बाबांचं म्हणणं, ज्याने पुलं आणि लक्ष्मण देशपांडे ऐकलेत त्याला रीलवरची ही मुलं ऐकवणारच नाहीत, नुसत्या शिव्या आणि बेडरूम. भावाचं म्हणणं, जुनं सगळं संथ आहे, पाच मिनिटं झाली तरी जोक येत नाही. मध्यंतरी तो आम्हाला घोडबंदर रोडच्या एका कॅफेत ओपन माईकला घेऊन गेला, मला मजा आली, बाबा घड्याळ बघत बसले. पण मला एक कळत नाही, अश्लीलता हाच मुद्दा असेल तर दादा कोंडके त्या काळात एवढे कसे चालले? बाबा स्वतः त्यांचे फॅन आहेत. मग नक्की खटकतंय काय?

ऐरोली_सेक्टर८:
ताई, बाबांना ओपन माईकला नेलंत तिथेच गडबड झाली. ओपन माईक म्हणजे तालीम असते, ती पण लोकांसमोर. चार-पाच मिनिटं मिळतात, एक मिनिट उरलं की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात, समोर बसलेल्यांतले अर्धे स्वतःच्या नंबरची वाट बघत मोबाईलमधल्या नोट्स वाचत असतात, ते कुठले हसणार. मी नियमित जातो म्हणून सांगतो, तोच जोक तोच मुलगा महिनोन् महिने घासत असतो, एखादा शब्द पुढे-मागे करतो, आणि मग कधीतरी तो तासाभराच्या शोमध्ये बसतो. पुलंची 'बटाट्याची चाळ' पुस्तक म्हणून आली 1958 ला आणि त्याचे एकपात्री प्रयोग सुरू झाले 1961 मध्ये, म्हणजे आपण जे ऐकतो ते आधी लिहून, छापून, मग स्टेजवर मुरलेलं. त्याच्या शेजारी कुणाचा परवा सुचलेला जोक ठेवायचा हा अन्याय आहे.

नौपाडा_जुना:
वरचं पटलं, पण फरक तिथे संपत नाही. आमच्या तरुणपणी द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर असे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे. सेट नाही, संगीत नाही, एक माईक आणि समोर गच्च भरलेलं पटांगण. हेच आपलं स्टँडअप होतं, नाव तेवढं वेगळं. आणि ही माणसं स्वतःबद्दल फार कमी बोलायची. मिरासदार बोलायला लागले की ते दिसेनासे व्हायचे, पारावरचा थापाड्या दिसायचा. लक्ष्मण देशपांडे तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटे 52 पात्रं करायचे, खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं की बाई, कमरेला बांधलं की दुसराच कुणी, जवळजवळ तीन तास. आत्ताची मुलं 'मी' पासून सुरू करतात, माझी आई, माझं ब्रेकअप, माझा थेरपिस्ट. वाईट आहे असं नाही, त्याला वेगळी हिंमत लागते. पण हॉलमधून बाहेर पडताना माझ्यासोबत तोच एक मुलगा येतो, अख्खं गाव येत नाही. तुमच्या वडिलांना बहुतेक हेच जाणवत असणार, शिव्या हे निमित्त.

दादांबद्दल म्हणाल तर 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये त्या दिवशीच्या पेपरातली बातमी ते रात्रीच्या प्रयोगात घ्यायचे. तमाशाच्या बतावणीत हे आधीपासूनच होतं, समोर पाटील बसला असेल तर सोंगाड्या त्यालाच धरणार. आता त्याला क्राउडवर्क म्हणतात. आणि दादांचं द्व्यर्थी असायचं, सरळ अर्थ लहान पोराला, दुसरा मोठ्याला. थेट शिवी दिली की प्रेक्षकाला करायला काही उरतच नाही.

नेरूळची_वाचक:
काका, लेखन फार आवडलं, पण त्या अख्ख्या गावात बाईच्या वाट्याला काय होतं तेही बघा ना. गवळणीतली मावशीसुद्धा पुरुषच करणार. जुन्या विनोदात कजाग बायको, जाडी शेजारीण, हेंगाडं बोलणारी मोलकरीण, आणि आम्ही हॉलमध्ये बसून त्यावर हसायचं. मी हसलेय, खूप हसलेय. पण आज एखादी मुलगी माईक हातात घेऊन सकाळच्या ट्रान्सहार्बर लोकलमधल्या धक्क्यांबद्दल, सासरच्या पहिल्या गणपतीबद्दल, पाळीच्या सुट्टीबद्दल बोलते तेव्हा पहिल्यांदा विनोद माझ्या बाजूने उभा आहे असं वाटतं. तिथे 'मी' म्हणणंच महत्त्वाचं आहे, कारण आमच्या वतीने आजवर दुसरेच बोलत होते. एखादी शिवी आली तर मी ती सोसते.

नौपाडा_जुना:
हे मान्य. मी या बाजूने बघितलं नव्हतं.

ऐरोली_सेक्टर८:
अजून एक, रीलवरून कुणाला जोखू नका. साठ सेकंदाच्या क्लिपमध्ये पात्र उभं राहणारच नाही, तिथे शिवी आणि क्राउडवर्कच चालतं, म्हणून तेच कापून टाकतात. भाडिपा या यूट्यूब चॅनलने मराठीत स्टँडअप सुरू केलं तेव्हापासून बघतोय, आता परभणीचा, सांगलीचा मुलगा आपल्या बोलीत तासभर बोलतो आणि त्यात त्याचा चुलता, सरपंच, एसटीचा कंडक्टर सगळे येतात. काका म्हणतात ते गाव तिथे आहे. बाबांना अशा एखाद्या अख्ख्या शोला न्या, गडकरी, घाणेकर नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहात, कॅफेत नको. खुर्च्या बऱ्या असतात आणि मध्यंतरात बटाटेवडा मिळतो.

राममारुतीरोड:
सगळ्यांना थँक्यू. काकांचा रिप्लाय बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले 'हेच म्हणत होतो मी'. मग नेरूळच्या ताईंचा वाचला, तर आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली पुन्हा वाच. तिकिटं आता तिघांची नाही, चौघांची बघतेय. बोलीभाषेतला कुठला शो ठाण्यात लागला तर इथे टाका प्लीज, शक्यतो रविवारी दुपारचा.